लोंबतीच्या कुंड्या

शांतवन कुंडी अंगापासून लांब धरून आला. लहान पोराची भरलेली चड्डी धरतात तशी, बोटांच्या टोकांत. व्हरांड्यातल्या टेबलावर त्याने ती आदळली, हात झटकले आणि तेच हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

"बघ. ह्याला पाणी घालते आत्या. दर पंधरा दिवसांनी. चमच्याने, मोजून."

कुंडीत वीसेक वाळक्या काड्या होत्या. काठावरून चारी बाजूंनी खाली लोंबलेल्या, न विंचरलेल्या केसांसारख्या. पान एकही नव्हतं.

"चारला डॉक्टर खांबेटे येतायत," तो म्हणाला. "त्यांना एवढी कुंडी दाखवली की पुरे. तुलाही विचारतीलच. तू घरातली नाहीस, शिक्षिका आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे."

"काय विचारतील?"

"मला काय माहीत?" तो हसला. दातांच्या फटीत सकाळच्या आमलेटातली कोथिंबीर अडकली होती. "तू आहेस की हुशार."

त्याचे ओलसर हात माझ्या ब्लाउजवर चिकटल्यासारखे वाटत होते. तरी मी मागे सरले नाही. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं.

ही सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि पाचगणीतल्या एका निवासी शाळेत मराठी शिकवत होते. करुणाबाई सत्राळकरांच्या घरामागे एक सुटी खोली होती, तिथे चार वर्षं भाड्याने राहत होते. बाई त्याच शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वय एकाहत्तर. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ होता तो वारला होता, आणि त्याचा मुलगा हा शांतवन. पुण्याला औषधाच्या कंपनीत फिरतीची नोकरी करायचा. बाईंना जगात तेवढाच एक.

आणि ह्या कुंड्या. मूळ नाव सेडम. शाळेच्या एका जुन्या परदेशी मुख्याध्यापिकेने मायदेशी जाताना बाईंना एक कुंडी दिली होती, तिच्या बाईंनी तीस वर्षांत अठरा केल्या. मराठीत त्याला नाव नव्हतं म्हणून बाईंनी ठेवलं, लोंबती. निळसर राखी, रुपयाएवढी गोल पानं, तीन-तीनच्या घोळक्यात, कडेला गुलाबी रेघ. दगडी गडग्यावर ओळीने कुंड्या ठेवल्या की सगळ्या फांद्या खाली लोंबायच्या. इतर झाडं पावसानंतर फुलून मोकळी होत. हिला घाई नसे. नोव्हेंबर निम्मा सरला, सकाळी हातपाय गारठायला लागले, की मग शेंड्यांना राळ्याच्या दाण्यांसारख्या कळ्या धरायच्या आणि आठवड्याभरात सगळा गडगा गुलाबी व्हायचा. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे. बाई कुणालाही फांदी तोडून द्यायच्या, पण आधी पाच मिनिटं शिकवायच्या. शेणखत घालायचं नाही, माजतं आणि कुजतं. खाली विटांचे तुकडे, वर नदीची जाडी वाळू. तोडलेली फांदी लगेच लावायची नाही, तीन दिवस कागदावर सुकू द्यायची, जखम भरू द्यायची. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली.

मला झाडाझुडपांची हौस नव्हती. मला घाण सोसत नाही, लहानपणापासून. पण बाई एकट्या आणि मीही एकटी, म्हणून संध्याकाळी त्यांच्याबरोबर शेडमध्ये बसायचे. पानांच्या बेचक्यात पिठासारखी पांढरी कीड बसायची. बाई काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून एकेक टिपायच्या आणि मलाही बसवायच्या. कीड चिरडली की आतून नारिंगी पाणी निघायचं. पहिल्या दिवशी मी उठून गेले.

"ये इकडे," बाई म्हणाल्या. "किळस आली की हात काढून घ्यायचा नाही. काम संपवायचं, मग धुवायचा."

शिकले मी. बाई कुणालाही शिकवू शकायच्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बाईंना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य होता. उजवा हात गेला, जीभ थोडी जड झाली, डोकं मात्र लख्ख. त्या तीन आठवडे साताऱ्याच्या दवाखान्यात होत्या आणि मी शाळा करून दर शनिवारी तिकडे जायचे. शांतवनची आणि माझी ओळख तिथलीच. बोलायला गोड. बत्तिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी स्थळ म्हणून पाहिलं नव्हतं असं नाही, पण "हेमा" म्हणून हाक मारणारा हा पहिला. दवाखान्याच्या धावपळीत मी इकडे शेडचा पडदा बांधायचा विसरले आणि पाच कुंड्यांत पाऊस घुसला. बाई घरी आल्या त्या दिवशी मी त्या पाच कुंड्या साफ केल्या. काळा बुळबुळीत चिखल, मेलेल्या उंदरासारखा वास. बाई खुर्चीत बसून सांगत होत्या, आणि त्या घाणीतून मी हिरवे राहिलेले सहा शेंडे शोधून काढले. तीन दिवस सुकवले, लावले, सहाही जगले. बाईंनी त्यातली एक कुंडी मला दिली. "ही तुझी," म्हणाल्या.

शांतवन दर पंधरवड्याला येऊ लागला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. मग हळूहळू घराचा विषय निघू लागला. आत्याला एकटीला ठेवणं बरं नाही. वाईला एक चांगला आश्रम आहे. घर आपण दोघं सांभाळू, तुझी शाळाही जवळ. आत्या ऐकणार नाही, तिचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की सगळं सोपं होईल. हे सगळं त्याने एका दिवसात सांगितलं असतं तर मी कदाचित ओरडले असते. पण त्याने ते दोन महिन्यांत, चहाबरोबर, थोडं थोडं सांगितलं. आणि मी त्या काळात बाईंच्या बैठकीच्या खोलीला मनातल्या मनात पिवळे पडदे लावून पाहिले होते.

नोव्हेंबरात लोंबती फुलली, डिसेंबरात पानं गळली, जानेवारीत काड्या राहिल्या. दर वर्षी असंच होतं. फुलून झालं की ही वरून पूर्ण मरते. ज्याला माहीत नाही तो उपटून फेकून देतो. पण काड्यांच्या बुडाशी, मातीच्या किंचित खाली, मसुरीएवढे निळे कोंब तयार असतात. बाई त्यांच्यासाठी चमच्याने पाणी घालायच्या, जास्त झालं तर कुजतील म्हणून. डॉक्टर यायच्या आदल्याच संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने चमच्याच्या पाठीने माती सारून मला एक कोंब दाखवला होता. कोबीच्या गड्ड्याचं पिल्लू असावं तसा. "मोज," म्हणाल्या. त्या एका कुंडीत मी चौदा मोजले.

डॉक्टर खांबेटे बरोबर चारला आले. पन्नाशीचे, घाईचे गृहस्थ. बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, शाल पांघरून.

"सलाम, डॉक्टर," त्या जड जिभेने म्हणाल्या. "तपासायला आलात की परीक्षा घ्यायला?"

डॉक्टर हसले. आज वार कोणता विचारलं. बाईंनी वार, तारीख, महिना सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले.

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर." बाई थांबल्या. "खालपर्यंत जाऊ, की पुरे?"

डॉक्टरांनी शांतवनकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं, की मला इथे कशाला बोलावलंस.

शांतवनने हळू आवाजात यादी सुरू केली. गॅस एकदा उघडा राहिला होता. त्याला दोनदा त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली होती. हे खरं होतं. मग म्हणाला, "आणि हे, डॉक्टर," आणि कुंडी पुढे सरकवली. "मेलेल्या झाडांची सेवा करते. अठरा कुंड्या आहेत अशा. बोलते त्यांच्याशी."

"बोलत नाही," बाई म्हणाल्या. "मोजते."

डॉक्टरांनी एक काडी वाकवली. कटकन मोडली. आत पोकळ.

"बाई, ह्यात काय आहे?"

"झोपलंय ते. फेब्रुवारी संपता संपता उठेल. माती सारून बघा खालची."

डॉक्टरांनी बोट पुढे नेलं. मातीवर स्पिरिटचे, गळालेल्या पानांचे डाग होते, कुठेतरी पांढरी कीडही असेल. त्यांनी बोट मागे घेतलं, रुमालाला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही इथेच राहता ना? जिवंत आहे हे?"

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना काळजी नव्हती. फळ्यावर गणित सुटलेलं आहे आणि आता वर्गातल्या मुलीने फक्त उत्तर वाचायचं आहे, तसं त्या बघत होत्या.

शांतवन माझ्याकडे बघत नव्हता. तो नखातली माती काढत होता.

"नाही, डॉक्टर," मी म्हटलं. माझा आवाज अगदी सरळ होता. "कधीचंच वाळलंय. मी नुसतं त्यांच्या मनासाठी हो हो म्हणते. दुखवायचं नाही म्हणून."

हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शांतवनने एवढं मागितलंही नव्हतं. "मला झाडांतलं कळत नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते दुसरं वाक्य, मनासाठी हो म्हणण्याचं, ते माझं स्वतःचं.

बाईंनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कुंडीकडे. तोंड थोडं उघडं राहिलं आणि जड झालेल्या बाजूने लाळ हनुवटीवर आली. एरवी ती यायच्या आतच त्या पुसायच्या.

डॉक्टरांनी "हं" केलं. सर्टिफिकेट उद्या दुपारी घेऊन जा म्हणाले आणि गेले.

शांतवन कुंडी उचलून मागच्या अंगणात आला, मी त्याच्यामागे. त्याने गडग्यापलीकडे ओढ्याच्या घळीत ती भिरकावली, पण नेम चुकला आणि कुंडी गडग्यावरच फुटली. मातीचा गड्डा उलटा पडला. त्याच्या कडेने निळे कोंब दिसत होते, एकाला एक लागून.

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"अगं, हे तर खरंच जिवंत आहे!" एक कोंब त्याने नखाने खुडला आणि दोन बोटांत चिरडला. हिरवा रस आला. "तुला माहीत होतं?"

"हो."

तो उभा राहिला. मला वाटलं होतं तो दचकेल, निदान गप्प होईल. तर त्याच्या तोंडावर कौतुक पसरलं. खरंखुरं. इतक्या महिन्यांत त्याने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

"हेमा! तू तर माझ्याहून पक्की निघालीस," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तुझी समजूत घालावी लागेल."

ओट्यावर त्याने आणलेली स्ट्रॉबेरीची टोपली होती. खालची फळं दबून पाणी सुटलेली. त्याने एक उचललं आणि हिरव्या रसाच्या बोटांनी माझ्या तोंडात घातलं. मी तोंड उघडलं. फळ गोड होतं, मऊ होतं, आणि त्यात मातीची एक कचकच होती. त्याचं बोट माझ्या ओठांवर थोडं जास्त रेंगाळलं. मी गिळलं. मला त्याची इतकी शिसारी आली की कानांत दडे बसले, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की हा माणूस माझ्याकडे आरशात बघितल्यासारखा बघतोय आणि त्याला जे दिसतंय ते अगदी बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी डॉक्टर खांबेट्यांच्या घरी गेले. ते अंगणात चूळ भरत होते. मी सांगितलं. कोंब, चौदा, आदल्या संध्याकाळी मोजलेले, सगळं सांगितलं.

"मग काल काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काल खरं बोलत होतात की आज बोलताय, हे मी कशावरून ठरवू?"

"आज कुणी विचारलं नसताना आलेय," मी म्हटलं.

ते आत गेले. अर्धा लिहिलेला कागद घेऊन आले, माझ्यासमोर फाडला. "त्या माणसाला सांगा, दुसरा डॉक्टर बघ. आणि मी माती सारून बघायला हवी होती. तेवढं माझंही चुकलं." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

शांतवनला मी फाटकातच सांगितलं. तो चिडला नाही. पाच मिनिटांत बॅग भरून आला, माझ्यापाशी थांबला. "घर मिळालं असतं तुला," एवढंच म्हणाला, जणू मी एखादी साधी बेरीज चुकवली होती. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. दुसरा डॉक्टर त्याने बघितला की नाही, मला माहीत नाही. बाई मात्र पुढची नऊ वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्याच घरात राहिल्या एवढं ऐकलं.

त्या सकाळी, तो गेल्यावर, मी मागच्या बाजूने घरात जायला निघाले. खरं सांगायचं तर माझी पावलं हलकी होती. मी चुकले होते आणि मी ते निस्तरलं होतं. बाई रागावतील, मग कपाळावर हात ठेवतील, असं काहीतरी मी धरून चालले होते. ह्या आशेची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

शेडमध्ये बाई जमिनीवर बसल्या होत्या. खुर्चीतून एकटीने उतरून तिथवर कशा आल्या, देव जाणे. लुगडं मातीने भरलेलं. डाव्या हाताची नखं काळी, एक मधोमध फाटलेलं. समोर सगळ्या कुंड्या उलट्या केलेल्या. सतराच्या सतरा. मुळं वर, वाळू सगळीकडे, गड्डे फोडलेले, आणि मोडलेले कोंब मसूर सांडावी तसे फरशीवर पसरलेले. एकही कुंडी धड नव्हती. माझीही.

"बाई! हे कुणी केलं?"

"मी."

मी खाली बसले. गड्डे गोळा करायला हात पुढे केला.

"हात लावू नको."

मी हात मागे घेतला.

"मी डॉक्टरांकडे जाऊन आले," मी म्हटलं. "खरं सांगितलं. त्यांनी कागद फाडला. शांतवन गेला."

बाईंनी मान हलवली, बातमी कळल्यासारखी. मग सावकाश, एकेक शब्द जिभेवरून ढकलत म्हणाल्या, "काल तू म्हणालीस ना, मनासाठी हो म्हणते. मी विचार केला, ही मुलगी खोटं का बोलेल? हिने माझ्याबरोबर कुजकं उपसलंय. ही म्हणते मेलंय, म्हणजे मेलंच असेल. मला दिसतात ते कोंब नसतीलच." त्यांनी समोरचा एक कोंब उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. "मग पहिली कुंडी उकरली. त्यात दिसले. पण मला वाटलं, दिसणारच मला, डोकंच गेलं असेल तर दिसणारच. म्हणून दुसरी उकरली. मग तिसरी."

मी रडायला लागले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या थांबल्या, मी गप्प होईपर्यंत.

"शांतवनला घर हवं होतं. तो सात वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखते. तुला काय हवं होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. सवय झाली होती.

"घरच," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. "शनिवारपर्यंत खोली रिकामी कर," म्हणाल्या, आणि डाव्या हाताने फरशीवरचे कोंब एकेक करून पदरात गोळा करू लागल्या. मी उठून उभी राहिले. मदत करू का विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी ट्रंक घेऊन मी एस.टी. स्टँडवर गेले. साताऱ्याची गाडी यायला अवकाश होता. बाकावर बसले, आणि मला कडेला जायलाही वेळ मिळाला नाही. तिथेच, माझ्याच चपलांवर, सकाळपासून काही खाल्लं नसतानाही, होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. शेजारी एक म्हातारी बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिने नाकाला पदर लावला, तरी तांब्यातलं पाणी मला दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"गाडी लागती व्हय, बाई तुम्हाला?" तिने मायेने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लहानपणापासून."

गाडी अजून आलीच नव्हती.